आज्ञावलीचा ताळा

गुणाकाराचा ताळा पाहायला तुम्ही लहानपणीच शिकला असाल. ३४७ ला २६ ने गुणले आणि उत्तर ९०२२ आले. ते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी सगळा गुणाकार पुन्हा मांडावा लागत नाही. ३४७ मधील अंकांची बेरीज १४, त्यांची पुन्हा बेरीज ५. २६ चे झाले ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. आता उत्तरातील ९, ०, २ आणि २ यांची बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जुळला! आपण गुणाकार केलाच नाही. तरीही त्याविषयी काही तरी नेमके बोलू शकलो.

संगणकाच्या आज्ञावलीचाही असा ताळा पाहता येतो. आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता, ती नुसती वाचून तिच्यातील दोष हुडकण्याच्या या पद्धतीला 'स्थितिक विश्लेषण' म्हणतात. हे वाचन माणूस करीत नाही, दुसरी एक आज्ञावलीच करते. तिला आपण या लेखात 'विश्लेषक' म्हणू. ती नेमके काय वाचते आणि तिला काय दिसते, हे एका उदाहरणावरून पाहू या.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. डोंगराळ मुलूख, आदिवासी वस्ती, भात-नागली-वरईची शेती आणि नाशिक शहराच्या मानाने कितीतरी अधिक पाऊस. आषाढ-श्रावणात एका दिवसात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरी तिथे कोणी नवल करीत नाही. समजा, तिथल्या एका शाळेतील मुलांनी पावसाची नोंद ठेवणारे संकेतस्थळ तयार करायचे ठरवले. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. सकाळी आणि सायंकाळी तो पाहायचा आणि दोन्ही आकडे संकेतस्थळावरच्या दोन चौकटींत भरायचे. बाकीचे काम आज्ञावली करील. ही शाळा आपल्या कल्पनेतील आहे; पण पुढे येणारी चूक मात्र जगभर रोज होते.

आज्ञावलीचा गाभा मराठीत लिहिला तर असा दिसेल :

ओळ १ : सकाळ = पहिल्या चौकटीत लिहिलेले
ओळ २ : सायंकाळ = दुसऱ्या चौकटीत लिहिलेले
ओळ ३ : एकूण = सकाळ + सायंकाळ
ओळ ४ : जर एकूण ६५ पेक्षा अधिक असेल, तर 'अतिवृष्टी' असे दाखव

(छापताना आकडे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते इंग्रजी वळणाचे आहेत असे तूर्त समजावे. हा भेद किती महत्त्वाचा आहे ते शेवटी कळेल.)

६५ हा आकडा उगीच घेतलेला नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी धरली जाते. पिकांच्या नुकसानभरपाईचा विचार होतो तेव्हा हा आकडा पाहिला जातो. शाळेच्या नोंदीवर कोणाची भरपाई ठरत नाही हे खरे. पण असाच हिशेब करणारी आज्ञावली इतरत्रही असू शकते, हे ध्यानात असू द्या.

मुलांनी आज्ञावली तपासून पाहिली. सकाळी ०, सायंकाळी ५ असे भरले. पडद्यावर '०५' असे उमटले. छान! दोन अंकी सुबक नोंद! सगळे खूश झाले. मग एके दिवशी सकाळी १२ मिलिमीटर आणि सायंकाळी ८ मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज किती व्हावी? २०. पडद्यावर आले '१२८', आणि त्यापुढे 'अतिवृष्टी'.

झाले काय? संकेतस्थळाच्या पानांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट नावाची संगणकीय भाषा आहे. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत घडवली. पानावरच्या चौकटीत तुम्ही काहीही लिहा, या भाषेच्या लेखी तो 'मजकूर' असतो. १२ हा तिच्या दृष्टीने बारा नव्हे. 'एक' आणि 'दोन' ही दोन अक्षरे. अधिकचे चिन्ह दोन संख्यांमध्ये आले तर ती बेरीज करते. दोन मजकुरांमध्ये आले तर एकापुढे एक चिकटवून ठेवते. म्हणून '१२' आणि '८' मिळून '१२८'. चौथ्या ओळीत मात्र मजकुराची संख्येशी तुलना आहे. तिथे ही भाषा न विचारताच मजकुराची संख्या करून टाकते. १२८ हे ६५ पेक्षा मोठे, तेव्हा अतिवृष्टी! कुठेही तक्रार नाही, काम थांबले नाही.

आता खरी गोम पाहा. हेच संकेतस्थळ सोलापूरकडच्या एखाद्या कोरड्या गावात असते, तर १२८ हा आकडा पाहून कोणाच्या तरी भुवया उंचावल्या असत्या. सुरगाण्यात हा आकडा खपून जातो, कारण तिथे तो शक्य आहे. अशक्य उत्तर देणारी आज्ञावली लवकर पकडली जाते. शक्य वाटणारे चुकीचे उत्तर मात्र महिनोन्‌महिने वहीत बसून राहते.

'मग मुलांनी आणखी आकडे भरून पाहायला हवे होते,' असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, आणि चालवून पाहण्याला पर्याय नाहीच. पण त्याला मर्यादा आहे. आज्ञावलीत 'जर… तर' असा एक फाटा असला, की वाटा दोन होतात. दुसरा फाटा आला की चार. एकापुढे एक असे दहा फाटे असले तर १०२४ वाटा, आणि तीस असले तर १,०७,३७,४१,८२४! दर सेकंदाला एक वाट तपासली तरी चौतीस वर्षे लागतील. साध्या संकेतस्थळातही तीसपेक्षा कितीतरी अधिक फाटे असतात. म्हणून चालवून पाहताना आपण नेहमीच्या वाटांवरून जातो, आणि चूक बहुधा ज्या वाटेने कोणी गेलेले नाही तिथे दबा धरून बसते.

विश्लेषक वाट चालत नाही. तो नकाशा वाचतो. आपल्या चार ओळी त्याने कशा वाचल्या असत्या? सकाळी पाऊस किती झाला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पहिल्या ओळीपुढे तो टिपून ठेवतो : 'सकाळ – मजकूर'. दुसरीपुढे : 'सायंकाळ – मजकूर'. तिसरीत मजकूर अधिक मजकूर, म्हणून 'एकूण – मजकूर'. चौथ्या ओळीशी येताच तो अडतो : 'मजकुराची तुलना संख्येशी होते आहे, हे कसे?' झाले, चूक सापडली. पाऊस पडण्याची वाट पाहावी लागली नाही, की एकही आकडा भरावा लागला नाही. २०१२ साली पुढे आलेली टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टची सुधारलेली बहीण हेच काम करते. वरच्या चौथ्या ओळीवर ती बोट ठेवल्याशिवाय राहत नाही.

नवाच्या ताळ्याशी याचे साम्य तुमच्या लक्षात आलेच असेल. ताळ्यात आपण ३४७ ही संख्या टाकून देऊन तिची फक्त ५ ही खूण ठेवली. विश्लेषकाने १२ हा आकडा टाकून देऊन 'मजकूर' एवढीच खूण ठेवली. खूण लहान, म्हणून हिशेब सोपा. कोणती खूण ठेवायची हे मात्र काय शोधायचे आहे त्यावरून ठरते. उत्तर धन आहे की ऋण एवढेच हवे असेल, तर (–३४७) × २६ हा गुणाकार करायला नको. ऋण गुणिले धन म्हणजे ऋण, संपले. पॅट्रिक कूझो आणि रादिया कूझो या फ्रान्समधील दांपत्याने १९७७ साली या विचाराला गणिताची भक्कम बैठक दिली. कोणत्या खुणा ठेवल्या असता निष्कर्ष खात्रीचा राहतो, याचे नियम त्यांनी बसवून दिले.

त्यांची एक उपयुक्त खूण म्हणजे 'अंतराल', अर्थात कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. आपल्या संकेतस्थळावर महिन्याच्या शेवटी 'पावसाच्या दर दिवसामागे सरासरी' काढली जाते असे समजा. एकूण पावसाला पावसाच्या दिवसांनी भागायचे. विश्लेषक म्हणतो : महिन्यातील पावसाचे दिवस ० ते ३१ या अंतरालात आहेत, या अंतरालात शून्य आहे, आणि इथे तर त्याने भागायचे आहे! संकेतस्थळ जुलैत सुरू झाले असेल, तर ही चूक सात महिने दिसणार नाही. फेब्रुवारीत, पाऊस नसताना, शून्याला शून्याने भागण्याची वेळ येईल. विश्लेषकाला ती जुलैतच दिसते.

अशा वाचनाची सुरुवात तशी साधीच होती. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'सी' भाषेतील आज्ञावल्या तपासणारे एक साधन लिहिले. त्याचे नाव ठेवले 'लिंट', म्हणजे कपड्याला चिकटून राहणारे सुताचे कण. कपडा फाटलेला नाही, पण झटकून घेतलेला बरा, असा त्यातला भाव! संकेतस्थळांच्या कामात आज 'ईएसलिंट' हे साधन सर्रास वापरतात. निकोलस झकास यांनी ते २०१३ साली सुरू केले. ते विनामूल्य मिळते; शाळेतल्या संगणकावरही बसवता येते.

आतापर्यंतच्या चुका भोळेपणाच्या होत्या. संकेतस्थळ मात्र साऱ्या जगाला उघडे असते, आणि चौकटीत कोण काय लिहील याचा नेम नसतो. आपल्या संकेतस्थळावर गावाचे नाव लिहून नोंदी शोधण्याची सोय आहे असे समजू. आज्ञावली नोंदींच्या भांडाराला हुकूम पाठवते : 'ज्या ओळींत गाव = '…' असेल त्या दे.' टिंबांच्या जागी चौकटीतला मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा. कोणी 'बोरगाव' लिहिले तर बोरगावच्या नोंदी मिळतात. पण कोणी खट्याळाने पुढील मजकूर लिहिला तर?

बोरगाव' किंवा '१' = '१

चिकटवल्यावर हुकूम असा होतो : ज्या ओळींत गाव = 'बोरगाव' किंवा '१' = '१' असेल त्या दे. एक बरोबर एक तर नेहमीच! साऱ्या ओळी बाहेर आल्या. त्या भांडारात नोंद करणाऱ्या मुलांच्या पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतील तर तेही उघडे पडले. याच युक्तीने भांडार पुसूनही टाकता येते. हा धोका १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे, उपायही माहीत आहे, आणि तरीही ही चूक अजून होते.

ती वाचून कशी सापडावी? पुन्हा सुरगाण्याकडे वळू. या तालुक्यातून वाहणारी नार नदी पुढे पार नदीला मिळते आणि ते पाणी गुजरातेतून अरबी समुद्राला जाते. वरच्या अंगाच्या एखाद्या ओहोळात काही घाण मिसळली, तर खाली कोणकोणत्या पाणवठ्यांना धोका आहे? हे सांगायला नदीकाठी उभे राहून पाणी पाहत बसावे लागत नाही. नकाशा घ्या आणि तांबडी पेन्सिल घ्या. घाणीचा ओहोळ तांबडा करा. तो ज्याला मिळतो तो प्रवाह संगमापासून पुढे तांबडा करा. संगमावर एक जरी प्रवाह तांबडा असला तरी पुढचा तांबडाच. वाटेत गाळणी-केंद्र लागले तर तिथून पुढे पुसा. नवी रेघ तांबडी करायची उरली नाही, की थांबा.

विश्लेषक हेच करतो. बाहेरच्या माणसाने भरलेली प्रत्येक चौकट हा तांबडा उगम. तिथला मजकूर ज्या चलात गेला ते चल तांबडे, त्यातून ज्यात गेला तेही तांबडे. तो मजकूर भांडारापर्यंत हुकमाचा भाग म्हणून तांबडाच पोचला तर इशारा. इथले गाळणी-केंद्र म्हणजे हुकूम आणि मजकूर वेगवेगळे पाठवण्याची सोय. असे केले की भांडार चौकटीतल्या मजकुराला केवळ गावाचे नाव समजते, मग त्यात काही का लिहिलेले असेना. नदीत आणि आज्ञावलीत एक फरक आहे. नदी मागे वळत नाही. आज्ञावलीत मात्र तेच काम पुन्हा पुन्हा करणारी वर्तुळे असतात. म्हणून विश्लेषकाला तीच वाट दोनतीनदा रंगवावी लागते. चले मोजकीच आणि रंग दोनच, त्यामुळे त्याचे काम कधीतरी संपते हे नक्की.

या पद्धतीला 'प्रवाह-विश्लेषण' म्हणता येईल. तिच्या अभ्यासात आपल्या महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे, आणि ते फारसे कोणाला माहीत नाही याची खंत वाटते. मुंबईला पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. सुरुवातीला हेतू वेगळा होता. आज्ञावली तोच हिशेब विनाकारण पुन्हा करीत असेल तर तो वाचवायचा आणि तिचा वेग वाढवायचा. त्यासाठी माहिती प्रवाहाच्या दिशेने न्यावी लागते, तशीच उलटही. 'ही किंमत मागे कुठून आली?' या प्रश्नाचे उत्तर वरून खाली येते. 'या किमतीचा पुढे कोणी उपयोग करणार आहे का?' याचे उत्तर खालून वर चढते. उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी १९९४ साली अशा दोन्ही दिशांच्या प्रवाहांना सामावून घेणारा व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला. पुढे २००९ साली खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरचा ग्रंथ निघाला. वेग वाढवण्यासाठी शोधलेली ही गणिते दोष शोधायलाही तितकीच कामी येतात.

एवढे सगळे असताना संकेतस्थळांत चुका राहतातच कशा? याचे एक उत्तर गणितातच आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले, की कोणतीही आज्ञावली पाहून 'ही थांबेल की चालतच राहील' हे अचूक सांगणारी सर्वसमावेशक रीत असूच शकत नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी हा निष्कर्ष आज्ञावलीच्या वागणुकीविषयीच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला लागू केला. म्हणजे कोणत्याही विश्लेषकाला दोनपैकी एक उणीव पत्करावीच लागते. एक तर काही चुका त्याच्या नजरेतून सुटतील, नाही तर चूक नसताना तो ओरडेल.

नवाचा ताळा पहिल्या जातीचा आहे. ९०२२ ऐवजी चुकून ९२०२ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच, आणि ताळा बिनदिक्कत जुळतो! दुसऱ्या जातीचे उदाहरण आपल्या सरासरीत आहे. समजा, मुलांनी आधीच काळजी घेऊन 'पाऊस झाला = होय' अशी खूण ठेवली आणि ती असेल तरच भागाकार केला. आता चूक नाही. पण 'होय' असेल तेव्हा दिवस शून्य नसतात, हा दोन चलांतला संबंध विश्लेषकाला कळलाच नाही तर तो पुन्हा ओरडतो : 'शून्याने भागाल हो!'

असे खोटे इशारे हीच या साधनांची मोठी डोकेदुखी आहे. हजार इशाऱ्यांत खरे थोडे असले, की माणूस कंटाळतो आणि इशारेच बंद करून टाकतो. घाटातल्या 'पुढे धोक्याचे वळण' या पाटीवर चुना फासण्यातलाच हा प्रकार! याचा उपाय शोधण्याचे काम पुण्यात झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली तिथे आपले संशोधन केंद्र काढले. त्या केंद्रातील तुकाराम मुस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कारणाने उठणारे इशारे एकत्र बांधण्याच्या रीती अभ्यासल्या. गटातला म्होरक्या इशारा खोटा ठरला की बाकीचे तपासायला नकोत. खोट्या इशाऱ्यांना तोंड देण्याच्या जगभरच्या रीतींचा आढावाही मुस्के यांनी अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासह २०१६ साली प्रसिद्ध केला.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेली गोष्ट. मुलांनी विश्लेषकाचे ऐकले आणि तिसऱ्या ओळीच्या आधी मजकुराची संख्या करून घेतली. १२ आणि ८ मिळून २० येऊ लागले. विश्लेषक गप्प झाला. मग एका धुवांधार दिवशी, ज्याच्या यंत्रावर मराठी कळफलक आहे अशा मुलाने आकडे देवनागरीत भरले : सकाळी ७०, सायंकाळी ४०.

जावास्क्रिप्टला देवनागरी अंकांची संख्या करता येत नाही. (पायथन या भाषेला येते, हे सांगायला हवे.) अशा वेळी ती थांबत नाही, 'संख्या नव्हे' या अर्थाची एक खास किंमत ती चलात ठेवते. या किमतीत काहीही मिळवा, उत्तर 'संख्या नव्हे'. तिची कशाशीही 'पेक्षा अधिक' अशी तुलना करा, उत्तर 'नाही'. म्हणून ११० मिलिमीटर पाऊस झालेल्या त्या दिवसापुढे 'अतिवृष्टी' उमटलेच नाही. आणि गंमत अशी, की 'संख्या नव्हे' ही किंमतदेखील जावास्क्रिप्टमध्ये आणि टाइपस्क्रिप्टमध्ये 'संख्या' या प्रकारातच मोडते! विश्लेषकाने आपल्या खुणा पाहिल्या, त्याला सगळे जुळलेले दिसले.

सुरगाण्यातील मुले आकडे मराठीत लिहितील ही गोष्ट आज्ञावलीत कुठेच लिहिलेली नाही. ती तिथल्या मास्तरांना ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे. चौकटीतील देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. तरीही संख्या झाली नाही तर नोंद परत करून पुन्हा भरायला सांगावे. तोपर्यंत त्या दिवसाची जागा मोकळी ठेवावी, तिथे शून्य घालू नये. शून्य घातले तर त्या दिवशी पाऊस झालाच नाही असे वहीत लिहिले जाईल, आणि महिन्याच्या सरासरीतून तो दिवस गळेल.